राखाडी कडं

नान्जूला आधी कडं दिसलं, मग माणूस. वीसाहेबांनी आपला फोन तिच्या नाकासमोर धरला होता आणि एकीकडे ते बोलत होते, शाळेतले त्यांचे चित्रकलेचे मास्तर काल गेले, संध्याकाळी जाऊन यायला हवं, नेमका काळा टाय घरी राहिला. नान्जूच्या हातात बार्लीच्या चहाचा कप होता. समोरचं पान तिच्या ओळखीचं होतं, सहा वर्षांपूर्वी तिनंच बांधलेलं. मधोमध मास्तरांचा फोटो, वर काळी फीत, फोटोमागे पांढरा उजेड. आणि तो उजेड जिथे नकळत निळ्या रंगात विरून जायला हवा, तिथे, विरायच्या ऐन जागी, एक मळकट राखाडी वर्तुळ. टेबलावरून कप उचलला की खाली जे उरतं तसं. तिनं फोन स्वतःच्या हातात घेतला आणि काचेवरून अंगठा घासून पाहिला. वर्तुळ काचेवर नव्हतं.

"हे कुठून आलं?"

"मास्तर? मूळचे आंदोंगचे. फार मारायचे."

"हे कडं हो, वीसाहेब."

"ते तुमच्याच घरचं, प्योबाई. मी पण आजच पाहिलं. माझा फोन परवा गरम सुपात पडला, हा बायकोचा जुना, खणातून काढलाय. म्हणे जुन्या फोनांवर दिसतं, नव्यांवर दिसत नाही. आणि खरी गंमत तर पुढेच आहे. ग्येसाहेबांना हे कडं हवंय. सगळ्या फोनांवर, अजून ठळक. अकराच्या मीटिंगला पहिला मुद्दा तोच."

वीसाहेब वेबपानं बनवणाऱ्या टीमचे प्रमुख, नान्जूहून दोन वर्षांनी मोठे. सोलमधल्या ह्या नवव्या मजल्यावर बारा वर्षं शेजारी बसून दोघांचं एकमेकांना टोचून बोलणं किमचीसारखं रोजचं झालं होतं, ते नसेल तर जेवण अळणी. ग्येसाहेब म्हणजे त्यांचं गिऱ्हाईक, अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या एका कंपनीचे संचालक. माणूस गेला की घरचे लोक त्यांच्या पानावर नाव भरतात, फोटो चढवतात, कुठल्या हॉलमध्ये ठेवलंय आणि कधी उचलणार ते लिहितात, आणि तासाभरात ते पान सगळ्या नात्यागोत्याच्या फोनवर पोचतं. नंतरही ते तसंच राहतं. लोक वर्षश्राद्धाला उघडतात, दोन ओळी लिहून जातात. आजवर साठ हजारांवर पानं झाली होती आणि साठ हजार गेलेल्या माणसांच्या मागे नान्जूचा उजेड होता. ह्याचा तिला अभिमान होता, आणि अभिमान लपवण्यातली ती नव्हती. नव्या लोकांना ती सरळ सांगायची, रंग कोणीही भरतं, एका रंगातून दुसऱ्यात जायचं कसं ते मला विचारा.

काय झालंय हे खुर्चीपर्यंत परत येता येताच तिला कळलं होतं. तरी तिनं जुनी फाईल उघडली. ओळ जागच्या जागी होती. पानामागचा सगळा उजेड त्या एका ओळीत मावलेला: वर्तुळ; मध्य आडवा पन्नास टक्के, उभा वरून बेचाळीस; आत पांढरा; साठ टक्क्यांवर पारदर्शक. खालचा रंग घरच्यांना सात रंगांतून निवडता यावा म्हणून तिनं कडेला रंग दिला नव्हता, पारदर्शक म्हणून सोडून दिलं होतं. माणसाच्या लेखी पारदर्शक म्हणजे काहीच नाही. यंत्राचं तसं नसतं, त्याला काही नसण्यालाही एक रंग लागतो, आणि जुने फोन तो रंग काळा धरतात. न दिसणारा काळा. मग पांढऱ्याकडून त्या न दिसणाऱ्या काळ्याकडे जाताना वाटेत राखाडी लागतं, ते मात्र चांगलं दिसतं. नवे फोन शहाणे झालेत, ते असं करत नाहीत. ह्या धंद्यात चार महिने काढलेल्या कोणालाही हे माहीत असतं. नान्जू तर हे शिकवायची. पारदर्शक लिहू नका बाबांनो, 'पांढरा, पण शून्य' असं लिहा. आणि स्वतःच्या पानावर तिनं पारदर्शक लिहून ठेवलं होतं. त्या वेळी ऑफिसात सगळ्यांकडे कोरे करकरीत फोन होते, त्यांच्यावर पाहिलं, सुरेख दिसलं, ती पुढच्या कामाला लागली. घाई नव्हती की झोप अपुरी नव्हती. आपलं चुकत नाही एवढंच होतं, आणि तेच नडलं.

उजेड कळणं ती कुठे शिकायला गेली नव्हती. गुन्सानला बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तिच्या अप्पांचा 'दालबित' फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे, शाळेचे, लग्नाचे, सगळे फोटो ते काढायचे, पण त्यांचं नाव झालं ते म्हाताऱ्यांच्या फोटोंमुळे. आपल्यामागे फुलांत मांडायचा फोटो माणूस जिवंतपणीच काढून ठेवतो, आणि अधिक महिन्यात काढला तर आयुष्य वाढतं म्हणतात. त्यामुळे अधिक महिना लागला की स्टुडिओच्या बाकावर बसायला जागा नसायची. म्हाताऱ्या ठेवणीतले हानबोक घालून, ओठांना रंग लावून यायच्या आणि एकमेकींना चिडवायच्या, "तू मागून ये गं, तुला कसली एवढी घाई?" मागचा पडदा अप्पांनी स्वतः रंगवलेला. सरसाचा वास, ओला स्पंज, निळा आणि राखेचा रंग एकाच बादलीत; मधे फिकं, कडेला गडद, आणि एकातून दुसरं कुठे सुरू झालं ते कुणाला सांगता येऊ नये. पडदा परत रंगवला की उजेड तपासायला ते नऊ-दहा वर्षांच्या नान्जूला समोर उभी करायचे. हनुवटी वर, हलायचं नाही, पाठीला नुकत्या वाळलेल्या कापडाचा गारवा, आणि समोर काळ्या फडक्याखालून येणारा अप्पांचा आवाज. उजेड डोक्यामागे ठेवला तर माणसाचा देव होतो, असं ते म्हणायचे, खांद्यामागे ठेवला तर माणूस पुढे येतो. आपल्याला देव नको. आणि कडं दिसता कामा नये. कडं दिसलं की बघणारा कडं बघत बसतो, म्हातारी राहते बाजूला. कधीकधी अर्धा-अर्धा तास ते दिवा इंचाइंचानं हलवायचे, बाकावरच्या बायका कुरकुरायला लागायच्या, आणि मग कधीतरी सगळं जमून यायचं आणि ते म्हणायचे, "राहू दे." एवढंच. लगेच खटका. आयुष्यात त्यांनी दुसऱ्या कुठल्या शब्दानं कौतुक केलेलं तिनं ऐकलं नव्हतं. आईच्या स्वयंपाकालाही नाही.

हे पान झालं तेव्हा ती मुद्दाम गुन्सानला गेली होती. स्वतःच्या नव्या फोनवर तिनं ते अप्पांना दाखवलं. त्यांच्याकडे तेव्हा मिटायचा जुना फोन, बटणांचा. त्यांनी चष्मा काढून, फोन डोळ्यांपाशी नेऊन पाहिलं, परत चष्मा घातला, म्हणाले, "छान आहे." आई आतून ओरडली, "अहो, नीट सांगा तिला, एवढी लांबून आलीय!" तर म्हणाले, "छानच आहे म्हटलं ना." नान्जूला राग आला नव्हता, हे ती तेव्हाही स्वतःला सांगत होती आणि आताही. बेचाळीस टक्के त्यांच्याकडूनच घेतलेले होते, बरोब्बर खांद्यामागे, ते त्यांना दिसलं नसेल असं होणं शक्य नव्हतं. पण 'राहू दे' काही ते म्हणाले नाहीत. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईनं एवढ्यासाठी झुरावं का, तर झुरू नये. ती झुरत होती.

कडं कुणाला दिसतं, हा विचार तिच्या मनात खूप उशिरा आला, मीटिंगला दहा मिनिटं उरली असताना. जुन्या फोनांवर दिसतं. जुने फोन कुणाकडे असतात? मुलं नवा फोन घेतात आणि जुना आईवडिलांना देतात. ह्या देशात घरोघरी असंच, धाकट्याचे कपडे थोरल्याकडून येतात तसे थोरल्यांचे फोन धाकट्यांकडून. म्हणजे ज्या मुलानं बापाचं पान केलं त्याला कडं दिसलं नाही. त्याच्या आईला दिसलं. सहा वर्षं ते फक्त म्हाताऱ्यांना दिसत होतं, नवरा गेलेल्या बायकांना आणि बायको गेलेल्या पुरुषांना, आणि त्यांतलं कुणी तक्रार करायला आलं नाही, कारण त्यांना वाटलं हे असंच असतं. आणि मग तिला तो स्वतःचा जुना फोन आठवला, एका कोपऱ्यात तडा गेलेला. चार वर्षांपूर्वी आई गेली, त्या आठवड्यात तिनं तो खणातून काढून अप्पांना दिला होता, आईचं पान बघता यावं म्हणून. उघडायचं कसं ते तीन वेळा शिकवलं होतं. सणावाराला ती जायची तेव्हा तो त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात असायचा. तिच्यासमोर ते कधी उघडत नसत. कपातला चहा गार झाला होता तरी तो तिनं सगळा पिऊन टाकला.

आईच्या वेळचे तीन दिवस तिला नीट आठवतात, ही त्यातली अवघड गोष्ट. हॉलच्या कोपऱ्यात, चपलांच्या कपाटाशेजारी बसून तिनं पान भरलं होतं. दहा मिनिटंही लागली नव्हती. आपलंच पान, आपलंच काम, कुठे काय भरायचं ते पाठ. फोटो अप्पांनी काढलेला, एका अधिक महिन्यातला, आई हसू दाबतेय असा. मग ती उठली आणि आलेल्यांना लाल रश्शाचे वाडगे वाढायला लागली. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. मावशी दुसऱ्या मावशीला म्हणाली, "पोरगी दगड आहे," आणि नान्जूनं ते ऐकून तिला भात हवाय का विचारलं. ती दगड नव्हती. काम असलं की तिला रडता येत नसे, आणि काम तर नेहमीच असे.

मीटिंगला ग्येसाहेबांनी बरोबर तांदळाच्या वड्यांचा डबा आणला होता. साठीचे गृहस्थ, आवाज मऊ, धंद्यानं आलेला. "आमच्या काउंटरवर काय होतं सांगू?" ते म्हणाले. "आजी येतात, म्हणतात, माझ्या फोनवर ह्यांच्याभोवती सुतकाचं कडं आहे आणि मुलाच्या फोनवर नाही. त्याला मानपान कळत नाही का? मी म्हटलं, खरंच की. कडं सगळ्यांना द्यायला हवं."

"देऊ की!" वीसाहेब म्हणाले. "अर्ध्या दिवसाचं काम. काय, प्योबाई?"

"ते सुतकाचं कडं नाही," नान्जू म्हणाली. "ती माझी चूक आहे."

टेबलाखाली वीसाहेबांचा बूट तिच्या नडगीवर बसला. तिनं पाय बाजूला घेतला आणि सगळं सांगितलं, पारदर्शक, काळा, वाटेतलं राखाडी. सांगताना तिचा आवाज कुठे अडखळला नाही. चूक सांगतानाही तिला आपलं काम येत होतं. ग्येसाहेब वडी हातात धरून ऐकत होते.

"म्हणजे सहा वर्षं लोकांनी चूक पाहिली?"

"म्हाताऱ्यांनी पाहिली. तरुणांना दिसत नव्हती."

"माझ्या वडिलांच्या पानावर मी ते रोज बघतो. माझाही फोन जुनाच आहे. मला ते उदबत्तीच्या धुरासारखं वाटतं, बाई. आणि काढल्यावर त्या आजी विचारायला आल्या तर?"

"येऊ दे. मी तुमच्या काउंटरवर येऊन बसते आणि एकेकीला सांगते. गेलेल्या माणसाभोवती मळ ठेवून त्याला मान म्हणायचं, हे माझ्या हातून होणार नाही. हवं तर दुसऱ्या कुणाकडून नवीन कडं काढून घ्या, छान कोरीव काढा. हे मी आज पुसणार. नवी नक्षी करायची तर तुम्हाला विचारावं लागतं, दुरुस्तीला नाही."

वीसाहेब छताकडे बघत होते. शेवटी ग्येसाहेबांनी वडी डब्यात परत ठेवली. "पुसा," ते म्हणाले. "पण पहिल्या पानावर माफीनामा लागेल. काय झालं, कसं झालं. आणि खाली नाव?"

"माझं."

"कंपनीचं नको?"

"चूक माझी, नाव माझं. प्यो नान्जू."

ग्येसाहेब लिफ्टमध्ये शिरले न शिरले तोच वीसाहेब म्हणाले, "ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. झाकली मूठ होती ना सव्वा लाखाची? तो माणूस कडं मागत होता हो, मागत होता! देवानं चूक विकत घ्यायला गिऱ्हाईक पाठवलं आणि तुम्ही त्याला हाकललंत." पण ते हसत होते, आणि जाताना डब्यातल्या उरलेल्या वड्या तिच्या टेबलावर ठेवून गेले. "माफीनाम्यात शुद्धलेखन तपासा," म्हणाले, "साठ हजार घरं वाचणार आहेत."

ओळ बदलायला तिला पाऊण मिनिट लागलं. वर चढवायच्या आधी ती थांबली. कॉम्प्युटर मांडीवर घेऊन ती जिन्यात जाऊन बसली, जिथे सिगारेट ओढणारे बसतात, आणि तिनं गुन्सानला फोन लावला.

"जेवलीस का?" अप्पांनी विचारलं. हा त्यांचा नमस्कार.

"जेवते. अप्पा, खिशातला फोन काढा आणि आईचं पान उघडा. हा घरचा फोन ठेवू नका."

का ते त्यांनी विचारलं नाही. चष्म्याच्या काड्यांचा आवाज आला, मग त्यांचा श्वास.

"उघडलं."

"काय दिसतं?"

"तुझी आई दिसते. अजून काय दिसणार?"

"तिच्याभोवती राखाडी कडं आहे?"

दूर कुठेतरी त्यांच्या गल्लीत भाजीवाल्याच्या गाडीचा भोंगा वाजत गेला.

"आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग चार वर्षं बोलला का नाहीत? तुम्ही! दुसऱ्याच्या पडद्यावरचा डाग रस्त्यापलीकडून दाखवणारे तुम्ही!"

"त्याआधी तू दाखवलं होतंस तेव्हा नव्हतं ते," अप्पा म्हणाले. "तेव्हा चांगलं साफ होतं. मग आईच्या वेळी आलं. मला वाटलं, पोरीनं कुणासमोर डोळ्यांतून पाणी काढलं नाही, पण हात थरथरला बिचारीचा. आता थरथरलेल्या हाताचं काय दाखवायचं? मला ते बरं वाटायचं उलट. रोज बघायचो."

नान्जूनं डोकं जिन्याच्या भिंतीला टेकवलं. खोटं बोलणं सोपं होतं. हो अप्पा, थरथरला होता, एवढंच म्हणायचं. म्हाताऱ्याला ते चार वर्षं पुरलं होतं, पुढेही पुरलं असतं, आणि मावशीलाही परस्पर उत्तर मिळालं असतं. पण उजेडाच्या बाबतीत ह्या माणसाशी ती आयुष्यात खोटं बोलली नव्हती, आणि दुसऱ्या कशाबद्दल दोघं फारसं बोललेलीही नव्हती.

"हात थरथरला नव्हता, अप्पा. साधी चूक होती. आई जायच्या दोन वर्षं आधीची. तुम्हाला दाखवलं तेव्हाही ती होतीच, फक्त माझ्या फोनवर दिसत नव्हती."

"असं."

"हो."

"मग चूक असेल तर पूस की. वाट कसली बघतेस?"

तिनं बटण दाबलं. साठ हजार पानांवरून कडं गेलं, आणि जिन्यात काही म्हणजे काही झालं नाही, वरच्या मजल्यावर कुणीतरी खोकलं. "आता परत उघडा," ती म्हणाली. "वरून खाली ओढा बोटानं. तसंच." परत श्वास. हा बराच लांबला. तिला पाठीमागे वाळलेल्या कापडाचा गारवा लागला, तिनं नकळत हनुवटी वर केली, आणि आपण हलत नाही आहोत हे तिच्या लक्षात आलं.

"आली पुढे," अप्पा म्हणाले.

मग घसा साफ करून, अगदी स्टुडिओतल्या आवाजात, "पण मध्य जरा वर घे. तुझ्या आईची मान आखूड होती. सगळ्यांना एकच माप लावून कसं चालेल?"

नान्जूला हसू आलं आणि त्याच दमात रडू आलं, चार वर्षांचं, आवाज करून, ऑफिसच्या जिन्यात. अप्पांनी ते ऐकलं. रडता रडताच तिनं आईच्या पानापुरती ओळ वेगळी काढली आणि बेचाळीसचा दोन पुसला. हात इतका थरथरत होता की चाळीसच्या जागी आधी चारशे पडलं, मग चार, मग एकदाचं चाळीस.

"बघा," ती म्हणाली.

"अजून थोडं."

एकोणचाळीस.

"एक बोटभर."

अडतीस.

पलीकडे चष्म्याच्या काड्या परत वाजल्या.

"राहू दे," अप्पा म्हणाले.